यादवी युद्धातील लढायांचे नामकरण आणि तटस्थ वर्णनाची समस्या : अमेरिकन यादवी युद्धाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लढाईचे नाव ही इतिहासलेखनातील सर्वांत निरुपद्रवी बाब मानली जाते. स्थळ आणि वर्ष सांगितले की नाव सिद्ध झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परकीय शत्रूशी झालेल्या युद्धाबाबत ही समजूत बहुतेक वेळा निभावून जाते. यादवी युद्धाचे तसे नसते. तेथे लढणारे दोन्ही पक्ष एकाच देशातले असतात आणि युद्ध संपल्यानंतर त्यांना पुन्हा एकाच राज्यव्यवस्थेत नांदायचे असते. पाठ्यपुस्तक एक, रणभूमीवरील स्मारक एक, परंतु आठवणी मात्र दोन, अशी ही अवस्था असते. अशा वेळी लढाईला कोणते नाव द्यावे आणि तिचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे, हा केवळ परिभाषेचा प्रश्न राहत नाही.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्या युद्धातील काही लढायांची नावे, त्यांमागील संकेत आणि तटस्थ म्हणून मान्यता पावलेल्या दोन मोठ्या संकलनांची पद्धती यांची चिकित्सा केली आहे. दोन सैन्यांविषयी तटस्थ राहणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे. परंतु युद्ध कशासाठी झाले याविषयी मौन पाळणे म्हणजे तटस्थता नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

एक लढाई, दोन नावे

२१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनिया राज्यात या युद्धातील पहिली मोठी लढाई झाली. युनियन पक्षाने तिला जवळच्या ओढ्यावरून 'बुल रन' असे नाव दिले, तर कॉन्फेडरेट पक्षाने जवळच्या रेल्वे जंक्शनवरून 'मनॅसस' असे म्हटले. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याच परिसरात दुसरी लढाई झाली व तिलाही हीच दोन नावे मिळाली. १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये झालेली लढाई एका पक्षासाठी 'अँटिटम' या ओढ्याची, तर दुसऱ्यासाठी 'शार्प्सबर्ग' या गावाची ठरली. टेनेसी राज्यात ३१ डिसेंबर १८६२ ते २ जानेवारी १८६३ या काळात झालेल्या लढाईबाबतही 'स्टोन्स रिव्हर' आणि 'मर्फ्रीसबरो' अशी विभागणी दिसते. युनियन पक्षाने जलप्रवाहावरून आणि कॉन्फेडरेट पक्षाने वस्तीवरून नाव द्यावे, असा संकेत यातून पुढे आला.

या संकेताचे स्पष्टीकरण कॉन्फेडरेट जनरल डॅनियल हार्वी हिल याने युद्धानंतर केले. त्याच्या मते, उत्तरेकडील सैनिक बहुतांशी शहरांतून व गावांतून आलेले असल्यामुळे त्यांच्या मनावर नद्या, डोंगर अशा निसर्गातील वस्तूंचा ठसा उमटला. दक्षिणेकडील सैनिक ग्रामीण भागातील असल्यामुळे त्यांचे लक्ष मनुष्यनिर्मित वस्तूंकडे वेधले गेले. माणसाला अपरिचित तेच लक्षात राहते, असे हिलचे सूत्र होते. १४ सप्टेंबर १८६२ च्या लढाईवरील आपल्या लेखाच्या शीर्षकात त्याने 'साउथ माउंटन' आणि 'बून्सबरो' ही दोन्ही नावे दिली. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी पुरेसे नाही. युनियन सैन्यातही शेतकऱ्यांची संख्या मोठी होती. शिवाय नाव बहुधा सेनापतीच्या अहवालातून व वृत्तपत्रांतून रूढ होते. सामान्य सैनिकाच्या मनावरील ठशातून क्वचितच.

संकेताला अपवादही बरेच आहेत. ६ व ७ एप्रिल १८६२ च्या लढाईला युनियन पक्षाने टेनेसी नदीवरील धक्क्यावरून 'पिट्सबर्ग लँडिंग' म्हटले, तर कॉन्फेडरेट पक्षाने तेथील लहानशा प्रार्थनागृहावरून 'शायलो' म्हटले. लढाई युनियनने जिंकली, परंतु टिकले ते प्रतिपक्षाचे नाव. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सैनिकी उद्यानालाही तेच मिळाले. याउलट सप्टेंबर १८६३ मध्ये कॉन्फेडरेट सैन्याने जिंकलेली 'चिकामॉगा' ही लढाई ओढ्याच्या नावाने दोन्हीकडे ओळखली जाते. गेटिसबर्गबाबत तर मतभेदच नाही. ३१ मे व १ जून १८६२ च्या लढाईची 'फेअर ओक्स' (युनियन) आणि 'सेव्हन पाइन्स' (कॉन्फेडरेट) ही दोन्ही नावे स्थळांचीच आहेत. प्रत्येक पक्षाची कामगिरी जेथे सरस ठरली, ते स्थळ त्याने नावासाठी निवडले, असे तेथे दिसते. म्हणजे नाव हे केवळ भूगोलाचे वर्णन नसून रणांगण कोठून पाहिले याचीही नोंद असते.

जेत्याचे नाव टिकते, हा दुसरा रूढ समज. शायलोच्या उदाहरणाने तो बाधित होतो. 'बुल रन'च्या दोन्ही लढाया कॉन्फेडरेट सैन्याने जिंकल्या. तरीही अनेक ग्रंथांत युनियनचेच नाव वापरले जाते, आणि १९४० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान मात्र 'मनॅसस' या नावाने ओळखले जाते. अँटिटम व स्टोन्स रिव्हर येथील उद्यानांना युनियनची नावे आहेत. एकच शासन वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांची नावे स्वीकारते, यावरून कोणतेही एक नाव अंगभूत तटस्थ नसते हे स्पष्ट होते. तटस्थता नावात नसून त्याच्या वापरामागील स्पष्टीकरणात असते.

सैन्यांची आणि पक्षांची नावे

लढायांप्रमाणेच सैन्यांची नावेही दुहेरी संकेताने ठरली. युनियनची सैन्ये प्रायः नद्यांच्या नावाने, तर कॉन्फेडरेट सैन्ये राज्यांच्या वा प्रदेशांच्या नावाने ओळखली जात. पोटोमॅक नदीच्या नावाचे सैन्य युनियनचे आणि उत्तर व्हर्जिनियाच्या नावाचे सैन्य जनरल रॉबर्ट ली याचे. यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. 'आर्मी ऑफ द टेनेसी' हे नदीच्या नावाचे युनियन सैन्य आणि 'आर्मी ऑफ टेनेसी' हे राज्याच्या नावाचे कॉन्फेडरेट सैन्य. २२ जुलै १८६४ रोजी अटलांटाजवळ ही दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. इंग्रजीत त्यांचा भेद एका उपपदावर अवलंबून आहे. मराठीत 'टेनेसीचे सैन्य' असे भाषांतर केले की तो भेद नष्ट होतो व वाचकाला सैन्य स्वतःशीच लढत असल्याचा भास होतो. येथे 'टेनेसी नदीचे सैन्य' आणि 'टेनेसी राज्याचे सैन्य' असे म्हणणे हाच मार्ग उरतो.

पक्षांच्या नावांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मराठीतील इतिहासाच्या पुस्तकांत 'उत्तर' आणि 'दक्षिण' असे शब्द सर्रास वापरले जातात. ते सोयीचे आहेत, परंतु अचूक नाहीत. केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती, तरी ती युनियनमध्येच राहिली. दक्षिणेतील गौरवर्णीयांपैकीही कित्येक हजार युनियन सैन्यात लढले. १८६० च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३९.५ लाख गुलाम होते व त्यांपैकी बहुसंख्य दक्षिणेत राहत होते. युनियन सैन्यात दाखल झालेल्या सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिकांत मोठा भाग याच दक्षिणेतून आलेल्यांचा होता. 'दक्षिण हरली' असे लिहिणारा लेखक या लाखो माणसांना दक्षिणेतून नकळत वगळतो, कारण त्यांच्या दृष्टीने तो पराभव नव्हताच. 'युनियन' आणि 'कॉन्फेडरसी' हे शब्द राजकीय पक्ष दर्शवतात, प्रदेशातील सर्व माणसे नव्हेत. म्हणून ते अधिक काटेकोर ठरतात.

तटस्थतेचे दोन प्रयोग

युद्धानंतर दोन मोठी संकलने सिद्ध झाली. पहिले शासकीय. अमेरिकेच्या युद्ध खात्याने दोन्ही सैन्यांचे अहवाल, पत्रव्यवहार व आदेश १८८० ते १९०१ या काळात १२८ पुस्तकांत प्रसिद्ध केले. त्याच्या अधिकृत शीर्षकात या संघर्षाला 'बंडाचे युद्ध' असे म्हटले आहे. शीर्षक पूर्णतः जेत्याचे आहे. परंतु आतील मांडणीत दोन्ही बाजूंच्या सेनापतींचे अहवाल एकाखाली एक दिले आहेत. वाचकाला एकाच लढाईची दोन कथने पडताळून पाहता येतात. नाव पक्षपाती आणि आशय उभयपक्षी, असा हा प्रकार आहे. १८५७ च्या घटनांसाठी 'बंड', 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' हे शब्द परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला या शीर्षकाचे वजन सहज कळावे.

दुसरा प्रयोग 'सेंच्युरी' या मासिकाचा. १८८४ ते १८८७ या काळात या मासिकाने दोन्ही पक्षांच्या सेनानींकडून लढायांवर लेख लिहवून घेतले व पुढे ते चार खंडांत ग्रंथरूपाने काढले. हिलचा उपरोल्लिखित लेख याच मालेतील. येथे स्थिती नेमकी उलट आहे. नावांबाबत कमालीची समदृष्टी, भाषेत सौजन्य, पूर्वीच्या शत्रूविषयी आदर. राजकीय प्रश्न बाजूला ठेवून केवळ सैनिकी हकीकत द्यावी, असे संपादकांचे धोरण होते. त्यामुळे कोणती तुकडी कोणत्या टेकडीवर किती वाजता पोहोचली याचा सूक्ष्म वाद या पानांतून वाचावयास मिळतो. परंतु ती तुकडी तेथे कशासाठी आली होती, हा प्रश्न बहुतांशी विचारला जात नाही. उभयपक्षी सौजन्याची किंमत म्हणून युद्धाचे कारण वगळले गेले.

ही किंमत कोणी चुकवली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात गुलामगिरी आणि वंशविषमता हीच नव्या राज्याची कोनशिला असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. युद्धानंतर १८६८ ते १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र त्याने या संघर्षाला 'राज्याराज्यांमधील युद्ध' म्हटले व तो घटनात्मक अधिकारांचा वाद म्हणून मांडला. वरवर पाहता हे नाव 'बंड' या शब्दापेक्षा कितीतरी तटस्थ वाटते. प्रत्यक्षात ते एका पक्षाची बाजू आधीच मान्य करून टाकते, कारण फुटून निघण्याचा राज्यांना अधिकार होता की नाही, हाच मूळ वाद होता. सौम्य शब्द तटस्थ असतोच असे नाही, याचा हा उत्तम नमुना होय.

फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या विचारवंताने ३० मे १८७८ रोजी न्यूयॉर्क येथील भाषणात या वृत्तीला स्पष्ट विरोध केला. मृतांविषयी आदर बाळगूनही, या युद्धात एक बाजू योग्य व दुसरी अयोग्य होती हे विसरता येणार नाही, असा त्याचा आग्रह होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड ब्लाइट यांच्या ग्रंथाने गौरवर्णीयांमधील समेट कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोबदल्यात कसा घडून आला, याचे सविस्तर विवेचन केले आहे.

निर्णय आणि आकडे

लढाईच्या वर्णनात निर्णय आणि हानी या दोन बाबी सर्वाधिक वादग्रस्त असतात. अँटिटमची लढाई रणांगणावर अनिर्णित राहिली. परंतु लीचे सैन्य १८ सप्टेंबरच्या रात्री पोटोमॅक नदी ओलांडून परत गेले आणि २२ सप्टेंबर १८६२ रोजी अब्राहम लिंकन याने गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली. रणांगणावरील निर्णय, मोहिमेचा निर्णय आणि राजकीय परिणाम हे तीन स्तर स्वतंत्रपणे मांडले तर 'कोण जिंकले' हा वाद बराचसा निवळतो.

आकड्यांना तटस्थ मानण्याची सवयही तपासून पाहावी लागते. युनियनच्या नोंदी 'कामावर हजर' या सदराखाली सैन्यसंख्या देत. कॉन्फेडरेट नोंदींत बहुधा प्रत्यक्ष शस्त्रधारी तेवढेच मोजले जात. लढाऊ कामावर राहू शकणाऱ्या किरकोळ जखमींना यादीत धरू नये, असा आदेश लीने मे १८६३ मध्ये काढला. ही भिन्न मापे शेजारी शेजारी ठेवली की एका पक्षाचे सैन्य आपोआप लहान व शौर्य आपोआप मोठे दिसू लागते. म्हणून आकडा देताना मोजणीची रीत सांगणे अगत्याचे ठरते.

मराठीत यात आणखी एक भर पडते. अँटिटम येथे युनियनची सुमारे १२,४०० व कॉन्फेडरेट पक्षाची सुमारे १०,३०० हानी झाली. इंग्रजीत येथे 'कॅझ्युअल्टीज' हा शब्द असतो व त्यात ठार, जखमी आणि बेपत्ता असे सर्व येतात. मराठीत त्यासाठी 'जीवितहानी' किंवा 'बळी' असे शब्द योजले की बावीस हजारांहून अधिक माणसे एका दिवसात मेली, असा अर्थ होतो. त्या दिवशी प्रत्यक्ष ठार झालेल्यांची संख्या सुमारे ३,६०० होती. संपूर्ण युद्धातील मृत्यूंचा आकडाही स्थिर नाही. दीर्घकाळ प्रमाण मानलेला ६,२०,००० हा आकडा २०११ मध्ये डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे सुमारे ७,५०,००० पर्यंत वाढवला, तर २०२४ मधील एका अभ्यासात तो सुमारे ६,९८,००० असा काढण्यात आला. तटस्थ लेखकाने आकडा अंतिम सत्य म्हणून न देता, कोणाचा व कोणत्या वर्षाचा अंदाज आहे ते नोंदवणे उचित ठरते.

'लढाई' की 'कत्तल' : फोर्ट पिलो

तटस्थतेची खरी कसोटी फोर्ट पिलोच्या बाबतीत लागते. १२ एप्रिल १८६४ रोजी मिसिसिपी नदीकाठच्या या किल्ल्यावर नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याच्या कॉन्फेडरेट घोडदळाने हल्ला केला. किल्ल्यात सुमारे ६०० युनियन सैनिक होते व त्यांपैकी जवळपास निम्मे कृष्णवर्णीय होते. किल्ला पडल्यावर शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांनाही ठार मारण्यात आल्याचा आरोप झाला. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने त्याच वर्षी चौकशी करून हे हत्याकांड असल्याचा निष्कर्ष काढला. फॉरेस्टच्या समर्थकांनी मात्र किल्ल्याने रीतसर शरणागती पत्करलीच नव्हती, म्हणून ही केवळ लढाई होती, असे प्रतिपादन केले.

अशा प्रसंगी 'लढाई' हा शब्द मधला व म्हणून सुरक्षित वाटतो. परंतु १९८० च्या दशकात जॉन सिम्प्रिच व रॉबर्ट मेनफोर्ट यांनी केलेल्या पडताळणीतून किल्ल्यातील जवळपास निम्मे सैनिक मृत्यू पावल्याचे, तसेच कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश व गौरवर्णीयांमध्ये सुमारे एक-तृतीयांश असल्याचे दिसून आले. हल्लेखोरांपैकी नोंदवलेले मृत १४ होते. अकिलीस क्लार्क या कॉन्फेडरेट सार्जंटाने घटनेनंतर लगेच आपल्या बहिणींना लिहिलेल्या पत्रातही शरण येणाऱ्यांच्या हत्येचे वर्णन आहे. एकाच तटबंदीआड लढलेल्यांच्या मृत्यूचे प्रमाण वर्णानुसार इतके भिन्न असेल, तर त्याचे स्पष्टीकरण चकमकीच्या धामधुमीने होत नाही. समितीच्या अहवालातील काही साक्षी अतिरंजित होत्या, हे मान्य केल्यावरही मुख्य निष्कर्ष टिकून राहतो. येथे 'कत्तल' हा शब्द भावनेचा नसून पुराव्याचा आहे. उलट 'लढाई' एवढेच म्हणणे म्हणजे उपलब्ध पुराव्याकडे पाठ फिरवून एका पक्षाचे कथन स्वीकारणे होय. दोन कथनांच्या बरोबर मध्ये उभे राहिल्याने सत्य हाती लागतेच असे नाही; सत्य मध्यावर असलेच पाहिजे असा नियम नाही.

मराठी परिभाषा : 'यादवी' या शब्दाचा अर्थभार

मराठीत या सर्व संघर्षासाठी 'यादवी युद्ध' हा शब्द रूढ आहे. महाभारताच्या मौसलपर्वातील यादवकुलाचा अंत त्यामागे आहे. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत एकमेकांवर तुटून पडलेले यादव, त्यामागील ऋषींचा शाप आणि कुलाचा सर्वनाश असा हा संदर्भ आहे. या कथेत कोणताही पक्ष कोणत्याही तत्त्वासाठी लढत नाही. आप्तांनी आप्तांना मारले, एवढीच शोकांतिका उरते. त्यामुळे 'यादवी' म्हणताच कारणाचा प्रश्न मागे पडतो व भाऊबंदकीचा खेद पुढे येतो. अमेरिकेतील समेटवादी लेखनाने प्रयत्नपूर्वक जे साधले, ते मराठीत या एका शब्दाने अनायासे साधले जाते.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेचे महत्त्व विशेष जाणवते. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी तो ग्रंथ अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचे अनुकरण करावे, अशी इच्छा व्यक्त केली. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो काळ म्हणजे कापसाच्या भावांचा चढउतार होता. फुले यांनी मात्र त्यातून मुक्तीचा प्रश्न नेमका उचलला. अर्पणपत्रिकेत लढायांची वा सेनापतींची नावे नाहीत. भाऊबंदकीचा खेदही नाही. त्यांच्या मांडणीत मुक्तीचे श्रेय अमेरिकेतील सज्जनांकडे जाते व स्वतः युनियनच्या छावण्यांकडे पळून आलेल्या, पुढे सैनिक झालेल्या गुलामांचा वाटा स्पष्ट होत नाही, ही मर्यादा नोंदवावी लागेल. तथापि कारणाला केंद्रस्थानी ठेवण्याची त्यांची दृष्टी नंतरच्या अनेक 'तटस्थ' ग्रंथांपेक्षा अधिक अचूक होती, असे म्हणणे भाग आहे.

'यादवी' हा शब्द टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. रूढ संज्ञा सहजासहजी बदलत नाहीत, आणि 'गृहयुद्ध' किंवा 'अंतर्गत युद्ध' हे पर्यायही कारणाविषयी काही सांगत नाहीत. परंतु हा शब्द वर्गात वापरताना त्याचा पौराणिक अर्थभार समजावून सांगणे व अमेरिकेतील संघर्ष कोणत्या अर्थाने 'यादवी' नव्हता हेही सांगणे, ही शिक्षकाची जबाबदारी ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ज्या लढाईला दोन नावे आहेत, तिचा प्रथम उल्लेख दोन्ही नावांनी व त्यांच्या उगमासह करावा. त्यानंतर एक नाव वापरण्यास हरकत नाही. मात्र निवडीचे कारण दिलेले असावे.

२. 'उत्तर' व 'दक्षिण' ही प्रदेशवाचक नावे पक्षवाचक म्हणून वापरू नयेत. दोन्ही सैन्यांच्या नावांचे भाषांतर करताना मूळ भेद जपावा.

३. लढाईचा निर्णय सांगताना रणांगण, मोहीम व राजकीय परिणाम हे स्तर वेगळे ठेवावेत. सैन्यसंख्या व हानी एकाच मापाने मोजलेली असावी. ठार, जखमी व बेपत्ता यांची सरमिसळ करू नये.

४. 'लढाई', 'चकमक', 'कत्तल' हे शब्द सौम्य वा तीव्र म्हणून नव्हे, तर पुराव्याच्या आधारे निवडावेत आणि तोच निकष दोन्ही पक्षांना लावावा.

५. युद्धाचे कारण वगळून साधलेली समदृष्टी ही अपुरी समदृष्टी होय. दोन सैन्यांना समान न्याय देताना, ज्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्या युद्धाच्या मुळाशी होता, परंतु लढायांची नावे ठरवताना ज्यांना कोणी विचारले नाही, त्या तिसऱ्या घटकाची नोंद वर्णनात असणे अनिवार्य आहे.

'तटस्थ' या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला असा आहे. काठावरून प्रवाह पूर्ण दिसतो, हे खरे. परंतु त्या प्रवाहात कोण ओढले गेले, हे पाहून नोंदवल्याशिवाय अभ्यासकाचे काम पुरे होत नाही.